टाऊन हॉलच्या मागच्या जिन्याने

सदाशिव पेठेतून आमच्या विश्रांतवाडीला यायला रिक्षाने फार तर पाऊण तास लागतो. तेवढा वेळ श्रीपादरावांना दोन वर्षांत सापडला नाही. इंग्लंडला मात्र ते आले.

श्रीपादराव म्हणजे ओंकारचे वडील. ओंकार आणि माझी लेक प्रज्ञा खराडीच्या एकाच कंपनीत होते. कंपनीने आधी तिला आणि मग त्याला इंग्लंडला पाठवलं. आम्ही बौद्ध, माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. ते सदाशिव पेठेतले ब्राह्मण. पुण्याच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की त्यांच्याकडून नकार कधी आला नाही आणि होकारही आला नाही. ओंकारची आई आधीच वारलेली, त्यामुळे मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. आम्ही दोनदा निरोप पाठवला, चहाला या म्हणून. "बघू," असं उत्तर आलं. पुण्यात "बघू" म्हणणारा माणूस पुन्हा बघत नाही.

शेवटी मुलांनी तिकडेच नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. माझ्या यजमानांची, दिवाकरांची, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही सांगितलं. म्हणून मी एकटी निघाले. "लग्न टाऊन हॉलमध्ये आहे," असं प्रज्ञा फोनवर म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या आणि 'शांतता राखा'ची पाटी आली. माझी सगळी नोकरी नगर भूमापन कार्यालयात गेली. सरकारी इमारत म्हटली की मला दुसरं काही दिसत नाही.

बुधवार : चौकातली इमारत

इंग्लंडच्या मध्यभागातलं ते बाजाराचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही; गाव लहान आहे, माणसं ओळखू येतील. ओंकार आम्हा दोघांना विमानतळावरून घेऊन आला. श्रीपादराव दिल्लीमार्गे आले होते, मी मुंबईहून. व्याह्यांची पहिली भेट सामानाच्या पट्ट्याजवळ झाली. "नमस्कार," मी म्हणाले. "नमस्कार. प्रवास?" त्यांनी विचारलं. "बरा झाला." "हं." पुढे गाव येईपर्यंत ते खिडकीतून मेंढ्या बघत होते.

गावच्या चौकात गाडी थांबली आणि मी टाऊन हॉल पहिल्यांदा पाहिला. प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यातून निघून गेल्या. लालसर विटांची दुमजली इमारत, कोपऱ्यांना फिकट पिवळा दगड. तळमजल्याला भिंतीच नाहीत, नुसत्या कमानी. आणि त्या कमानींखाली बाजार भरलेला. चीज, अंडी, मध, जुनी पुस्तकं, रोपं. आपल्या मंडईसारखंच, फक्त कुणी ओरडत नव्हतं. वरच्या मजल्याला उंचच उंच खिडक्या, त्यांच्या काचांच्या चौकटी वर-खाली सरकणाऱ्या. त्याच्यावर दगडी त्रिकोण, त्रिकोणात गावाचं चिन्ह, आणि सगळ्यात वर छोट्या घुमटीत घड्याळ. मधून रेघ मारली तर डावी बाजू उजव्या बाजूवर घडी घालून बसेल इतकं मोजूनमापून केलेलं काम. जॉर्ज नावाचे राजे तिकडे ओळीने गादीवर आले, त्या काळात बांधलेलं म्हणून या घडणीला जॉर्जियन म्हणतात, असं ओंकारने सांगितलं.

मी नकाशे वाचण्यात आयुष्य घालवलेली बाई. माझी नजर वरच्या टोकाच्या खिडकीवर अडली. "ती खोटी आहे ना?"

"हो काकू," ओंकार हसला. "आत भिंत आहे. पण तिथे खिडकी नसती तर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या नसत्या. म्हणून नुसती चौकट बसवलीये, आत काळा रंग."

"दिसण्यापुरती," श्रीपादराव मागून म्हणाले. "अशी माणसंही असतात."

कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. ओंकारचं हसू गेलं.

मुलांचं घर म्हणजे एका रांगेतल्या घरांपैकी एक, अरुंद आणि उंच. वरच्या खोलीत श्रीपादराव, बैठकीच्या खोलीत सोफ्यावर मी. बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून उकळतं पाणी आणि दुसऱ्यातून बर्फासारखं. मधलं पाणी इंग्रजांना का सुचलं नाही, कोण जाणे. मी हात भाजून घेतला. प्रज्ञाने त्यावर क्रीम चोळलं आणि हळूच विचारलं, "काका तुझ्याशी नीट वागले ना गाडीत?"

"गाडीत ते मेंढ्यांशी बोलत होते," मी म्हणाले. ती हसली, पण तिचा हात माझ्या हाताभोवती घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. श्रीपादराव खाली आले, बशी उचलली, उभ्यानेच खाल्ले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." ओंकारने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मोठी गोष्ट घडली. मला मात्र काही वाटलं नाही. आपल्या हातचं कुणी खाल्लं म्हणून भारावून जावं, असं मला शिकवलेलं नाही. मीठ खरंच कमी होतं.

गुरुवार : छत

शुक्रवारी दुपारी लग्न. आदल्या दिवशी जागा बघायला आणि नोंदणी अधिकारी बाईंना भेटायला आम्ही चौघं गेलो. इमारतीची देखभाल बघणारी हेलन नावाची साठीची बाई आम्हाला दाराशी भेटली. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, पायात बागकामाचे बूट. हा टाऊन हॉल आता गावातले स्वयंसेवक सांभाळतात. मध्ये एकदा रस्ता रुंद करायला तो पाडायचं ठरलं होतं. गावकरी कमानींखाली ठाण मांडून बसले, तेव्हा वाचला, असं ती अभिमानाने सांगत होती.

लाकडी कठड्याच्या रुंद जिन्याने आम्ही वर गेलो, आणि मी दारातच थांबले. एवढी मोठी खोली, तरी अंगावर येत नव्हती. उंच खिडक्यांतून ऊन आडवं येऊन लाकडी जमिनीवर पडलं होतं. भिंती फिक्या हिरव्या. वर छताला चुन्याच्या नक्षीची वेल, फुलांच्या माळा, आणि मधोमध एक प्रचंड गोल फूल, त्यातून लोंबणारं झुंबर. इथे गावातले मोठे लोक नाचायला जमायचे, हेलन म्हणाली. तिकीट काढून. ज्याला तिकीट मिळालं तो मोठा. एका बाजूला वाजंत्र्यांसाठी उंचावर सज्जा. त्याच मजल्यावर पलीकडच्या बाजूला कोर्ट चालायचं, आणि खाली बाजार. व्यापार, न्याय आणि नाच एका छपराखाली.

भिंतीतल्या शेकोटीच्या वर एका जाड गृहस्थाचं तैलचित्र होतं. निम्म्याहून जास्त खर्च त्याने दिला होता. शेजारी नवी पाटी लावलेली. श्रीपादराव चष्मा लावून ती वाचत उभे राहिले. या गृहस्थाची संपत्ती समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यांतून आली आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत, असं त्या पाटीवर सरळ लिहिलं होतं. श्रीपादराव पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका प्रयोगशाळेत साखरेचे रसायनतज्ज्ञ होते.

"आयुष्यभर साखरेची शुद्धता मोजली," ते म्हणाले. "हे मोजायला कुणी सांगितलं नाही."

"म्हणून पाटी लावली," हेलन म्हणाली. तिला मराठी कळलं नव्हतं, पण ते कशाकडे बघत आहेत ते कळलं होतं. "चित्र काढून टाकावं का, यावर गावात खूप भांडणं झाली. शेवटी ठरलं, त्याला राहू द्या, पण खरं लिहून."

मग नोंदणी अधिकारी बाई आल्या. नम्र, नीटनेटक्या. त्यांनी विधी समजावला. मी विचारलं, सुरुवातीला त्रिसरण आणि पंचशील म्हणता येईल का? त्यांनी मान हलवली. नागरी विवाहात धार्मिक काही चालत नाही. कायदाच तसा आहे. श्रीपादरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला होता, मंगलाष्टकं असावीत. तो त्यांनी परत आत ठेवला.

"म्हणजे देव आणि बुद्ध, दोघांनाही बाहेर बसवणार," ते म्हणाले.

"आमच्यात बुद्ध म्हणजे देव नव्हे," मी म्हणाले.

"मग त्यांना तरी आत घ्यायला हरकत नव्हती."

मला हसू आलं. वाटलं, या माणसाशी कदाचित जमेलही. आम्ही दाराकडे वळलो होतो. तेवढ्यात मागे काहीतरी करकरलं, सुकी फांदी मोडावी तसं, आणि पाठोपाठ धप्पकन आवाज झाला. वळून बघतो तर झुंबराभोवतालच्या फुलाचा एक मोठा तुकडा खाली पडलेला. पांढरी धूळ उन्हात वर चढत होती. उद्यासाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीची बसायची फळी मोडली होती.

हेलनने आधी आम्हाला हाताने मागे रेटलं आणि मग स्वतः तोंडावर हात धरून उभी राहिली. प्रज्ञा त्या खुर्चीकडे बघत होती. उद्या मी तिथेच बसणार होते.

पुढच्या अर्ध्या तासात सगळं उलगडत गेलं आणि प्रत्येक गोष्ट आधीपेक्षा वाईट. लग्नाची नोटीस या जागेच्या नावाने दिलेली. जागा बदलली तर नोटीस नव्याने द्यावी लागते आणि परदेशी माणसांना त्यानंतर कित्येक आठवडे थांबावं लागतं. कोर्टामागे एक छोटी खोली होती, पूर्वी न्यायाधीश तिथे विश्रांती घ्यायचे. लग्नाचा परवाना तिलाही होता. पण तिचं छतही त्याच काळातलं. तपासणी होईपर्यंत वरचा सगळा मजला बंद. आणि तपासनीस येणार उद्या सकाळी.

"ते हो म्हणाले तर?" प्रज्ञाने विचारलं.

"तर लग्न होईल," नोंदणी अधिकारी बाई म्हणाल्या. "नाही म्हणाले तर मला खरंच फार वाईट वाटेल."

घरी परतल्यावर मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. श्रीपादराव मागच्या अंगणात कुंड्यांपाशी उभे होते. बैठकीच्या खोलीतून मुलांचे आवाज येत होते. पहिल्यांदा हळू, मग नाही.

"थांबू ना मग," प्रज्ञा म्हणत होती. "परत नोटीस देऊ. ऑक्टोबरमध्ये करू. तोवर बाबांची तब्येत सुधारेल, तेही येतील."

"आणि माझे बाबा?" ओंकार म्हणाला. "ते परत येणार नाहीत, प्रज्ञा. एकदा आलेत. हा एकच चान्स आहे."

"म्हणजे तुझे बाबा आले तर लग्न, नाहीतर नाही, असं आहे का?"

"मी असं म्हटलं का?"

"दोन वर्षं तू तेच म्हणतोयस, फक्त शब्द वेगळे वापरतोयस."

दार आपटलं. अंगणाचं दार उघडंच होतं. श्रीपादरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी काठी घेतली आणि फाटकातून बाहेर पडले. मी गॅस बंद केला आणि त्यांच्या मागे गेले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

कालव्याकाठी

जूनमध्ये तिकडे संध्याकाळ संपायचं नाव घेत नाही. गावामागून एक जुना कालवा जातो, अरुंद, कडेने पायवाट. कधीकाळी घोडे दोराने होड्या ओढत या वाटेने चालायचे. आता तिथे लोक कुत्री फिरवतात. आम्ही बराच वेळ एकापुढे एक चालत होतो. एका पुलाखाली ते थांबले.

"एक विचारू?" मी म्हणाले.

"विचारा. उत्तर देईनच असं नाही."

"दोन वर्षांत आमच्याकडे का आला नाहीत?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. "आलो असतो तर तुमचा चहा प्यायलो असतो. चहा प्यायल्यावर नाही कसं म्हणणार?"

"मग सकाळी माझ्या हातचे पोहे खाल्लेत ते?"

"भूक लागली होती."

"आणि इंग्लंडला कशाला आलात?"

त्यांनी काठीने वाटेवरचा एक खडा पाण्यात ढकलला. मग म्हणाले, "मी वाचलं होतं. इकडे लग्नाच्या वेळी विचारतात, कुणाची हरकत आहे का म्हणून. सगळ्यांच्या देखत. म्हटलं, घरात मला कुणी विचारलं नाही. तिथे तरी विचारतील."

"हरकत कायदेशीर असावी लागते, श्रीपादराव."

"माझी कायदेशीर नाही. मला माहीत आहे. पण कुणी उभं राहिलं की त्यांना थांबावं लागतं. चौकशी करावी लागते. एवढ्या लोकांसमोर एकदा थांबलं, की मुलगा विचार करेल."

"तुम्ही उभे राहणार होतात."

"ठरवून आलो होतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच सरळ. "दुपारी ते छत पडलं ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. म्हटलं, माझं काम परस्पर झालं. मग तुमच्या मुलीचा चेहरा दिसला."

"आणि?"

"आणि काही नाही. सांगतोय ते एवढंच, की आधी बरं वाटलं."

मला राग आला, असं लिहिलं तर फार कमी लिहिल्यासारखं होईल. माझी मुलगी शिकली, पहिली आली, परदेशी आली, आणि हा माणूस हजारो मैल उडत आला होता तो तिला भर मंडपात थांबवायला. लहानपणी शाळेत मडक्यातलं पाणी घ्यायला गेले की बाई हाताने 'थांब' म्हणायच्या. तो हात मला त्या पुलाखाली दिसला.

"एक ऐकून घ्या," मी म्हणाले. "ती तुमच्या होकारासाठी थांबलेली नाही. थांबली असेल तर तुमच्या मुलासाठी. उद्या तुम्ही उभे राहिलात तर तुम्ही तिला नाही थांबवणार. तुम्ही त्याला गमावाल."

"उद्या लग्न होईल की नाही तेच ठरलेलं नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही काय करणार ते ठरलंय का?"

"आज दुपारपर्यंत ठरलं होतं."



शुक्रवार : मागचा जिना

सकाळी सगळे झोपेत असताना मी अंगणातून दिवाकरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी आधी पंखा बंद केला.

"प्रज्ञाला सांगू का?" मी विचारलं.

"सांगितलंस तर ओंकार बापाला आजच विमानात बसवेल," ते म्हणाले. "आणि ते खापर जन्मभर आपल्या पोरीवर फुटेल. नको सांगू. तू फक्त त्यांच्या शेजारी बस."

"शेजारी बसून काय करू? हात धरू?"

"ते तिथे बसल्यावर तुला कळेल."

दहाच्या सुमाराला आम्ही चौकात जाऊन उभे राहिलो. प्रज्ञा निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. बाजारातली अंडीवाली बाई तिला बघून स्टूल घेऊन आली, पण ती बसली नाही. ओंकार आणि ती शेजारी उभे होते, बोलत नव्हते. तरी त्याच्या कोटाची बाही तिच्या मुठीत होती, हे मी पाहिलं. वरून टकटक ऐकू येत होती. तपासनीस शिडीवर चढून छत बोटाच्या पेरांनी वाजवून बघत होता. लाकडी पट्ट्यांवर चुना आणि जनावरांचे केस कालवून थापलेलं ते काम. आतून सुटलं असेल तर पोकळ वाजतं, हेलनने सांगितलं. कुठे ठक वाजायचं, कुठे ढब. प्रत्येक ढब ऐकताना हेलन डोळे मिटायची.

अखेर तो खाली आला, केसांत पांढरा चुना. मोठी खोली नाही, तो म्हणाला. पुढचा जिना आणि त्याच्या वरचं छतही नाही. न्यायाधीशांची खोली मात्र पक्की आहे. तिथे माणसं थोडी आणि तिथे जायचं मागच्या जिन्याने.

नोंदणी अधिकारी बाईंनी फोन केला, ऐकलं, मान डोलावली. प्रज्ञाने तोंड फिरवून डोळे पुसले. चौकात कुणीतरी टाळी वाजवली. मी श्रीपादरावांकडे बघत होते. ते घड्याळाच्या घुमटीकडे बघत होते.

मागचा जिना अरुंद, दगडी, मधल्या भागात झिजून वाटीसारखा झालेला. खाली लोखंडी दाराची कोठडी होती. बाजाराच्या दिवशी पकडलेले चोर तिथे ठेवायचे, हेलन पुढे चढत सांगत होती. मग या जिन्याने वर कोर्टात. मेंढी चोरली, कापड चोरलं, की शिक्षा म्हणून जहाजात घालून समुद्रापार. नाचाच्या दिवशी याच जिन्याने नोकर आणि वाजंत्री वर जायचे. मोठ्या लोकांनी हा जिना कधी पाहिला नसेल, ती म्हणाली.

श्रीपादराव माझ्या मागे काठी टेकत चढत होते. वळणावर मी थांबले.

"ही इमारत बांधली तेव्हा पुण्यात पेशवाई होती," मी म्हणाले. "तुमचे पूर्वज कुठल्या जिन्याने चढत असतील?"

"पुढच्या," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमचे?"

"आमच्यांना जिन्यापर्यंत येऊ देत नव्हते."

वर हेलन आमची वाट बघत होती. आम्ही चढलो.

न्यायाधीशांची खोली छोटी होती, लाकडी पट्ट्या लावलेली, एकच उंच खिडकी. मुलांचे मित्र दाटीवाटीने उभे राहिले. खुर्च्या दोनच, त्या आम्हाला दिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. दार बंद केलं नव्हतं. लग्न चालू असताना दार कुणालाही उघडं असावं लागतं, असा तिथला नियम. एका मित्राने फोन धरला होता, त्यात दिवाकर दिसत होते, इस्त्रीचा शर्ट घालून, विश्रांतवाडीच्या घरात खुर्चीवर ताठ बसलेले.

नोंदणी अधिकारी बाईंनी स्वागत केलं. नावं वाचली. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, इथे हजर असलेल्यांपैकी कुणाला या विवाहाला कायदेशीर अडथळा माहीत असेल, तर त्याने आत्ता सांगावं.

जेवढं थांबायचं असतं तेवढं त्या थांबल्या. इतरांसाठी तो एक श्वास असेल. मला शेजारची काठी जमिनीवर दाबली जाताना ऐकू आली. श्रीपादरावांचे दोन्ही हात मुठीवर आले, खांदे पुढे झाले. माणूस खुर्चीतून उठायच्या आधी असाच होतो. मी हात उचलला. त्यांच्या मनगटापर्यंत नेला आणि थांबले. धरून ठेवलं तर बसतील, हे मला कळत होतं. पण धरून बसवलेल्या माणसाची माझ्या मुलीला गरज नव्हती. मी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि समोर बघितलं. प्रज्ञा माझ्याकडेच बघत होती.

खालून बाजारात कुणीतरी पेटी आपटल्याचा आवाज आला. काठी तशीच राहिली. नोंदणी अधिकारी बाईंनी पान उलटलं.

मग पुढचं सगळं झालं, वचनं, अंगठ्या, सह्या. फोनमधून दिवाकरांचा "साधू, साधू, साधू" असा आवाज आला. तो धार्मिक धरायचा की नाही हे नोंदणी अधिकारी बाईंना ठरवता आलं नसावं, त्या हसल्या.

चहा खाली कमानींमध्ये होता. हेलनने टेबल मांडलं होतं. काकडीचे सँडविच, जाम घातलेला केक, आणि दूध घातलेला चहा, पण आपला नव्हे. बाजार आवरत आला होता. मित्र फोटो काढायला चौकात गेले. टेबलाशी आम्ही चौघंच उरलो तेव्हा प्रज्ञाने विचारलं, "आई, त्या हरकतीच्या प्रश्नाला तुझा चेहरा असा पांढराफटक का झाला होता?"

"जिना चढून दम लागला होता," मी म्हणाले.

"नाही," श्रीपादराव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "मी उठेन अशी भीती त्यांना होती. मी उठणारच होतो. त्यासाठीच आलो होतो. काल मी यांना सांगितलं, आणि यांनी तुम्हाला सांगितलं नाही."

ओंकारचा चेहरा मी कधी विसरणार नाही. प्रज्ञानेच विचारलं.

"मग उठला का नाहीत, काका?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "वेळ आली तेव्हा म्हणायला वाक्यच नव्हतं. हरकत काय, हे कुणी विचारलं असतं तर मोठ्याने सांगावं लागलं असतं. ते मला सगळ्यांसमोर उच्चारता आलं नसतं."

"उठला असतात," प्रज्ञा म्हणाली, "तर त्यांनी तुमचं ऐकून घेतलं असतं, लिहून घेतलं असतं, आणि मग आमचं लग्न लावलं असतं. आज नाहीतर उद्या. एवढंच झालं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. तिने केकचा तुकडा कापून बशीत घातला आणि त्यांच्यापुढे सरकवला. तो प्रेमाने नव्हता आणि रागानेही नव्हता. समोर बसलेल्या माणसाला आपण वाढतो, तसा.

"बाबा," ओंकार म्हणाला, "उद्या मी तुमच्यासाठी टॅक्सी सांगतो. विमानतळापर्यंत."

श्रीपादरावांनी मान हलवली. "बरं."

"टॅक्सी नको," प्रज्ञा म्हणाली. "मी गाडी चालवते. आई माझ्या शेजारी पुढे बसेल. तुम्ही दोघं मागे."

"काय उपयोग?" ओंकार म्हणाला.

"दोन तासांचा रस्ता आहे. बोलायचं असेल ते बोला, नाहीतर गप्प बसा. पण एका गाडीत."

शनिवार : विमानतळाचा रस्ता

निघताना पाऊस भुरभुरत होता. गाव मागे पडलं, मग कुंपणांची शेतं, मग मोठा रस्ता. मागच्या सीटवरून काही आवाज नव्हता. प्रज्ञा पुढे बघत गाडी चालवत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी एकदाही वळले नाही. आरशात बघावंसं वाटलं, पण तेही नाही बघितलं. पेट्रोल पंप गेला, एक पवनचक्की गेली, मेंढ्यांनी भरलेला अख्खा डोंगर गेला. मला वाटू लागलं, विमानतळ येईल आणि हे तसेच उतरतील.

मग मागून ओंकारचा आवाज आला. "आई असती तर?" त्याने विचारलं.

श्रीपादरावांनी घसा खाकरला. "ती असती," ते म्हणाले, आणि थांबले.

प्रज्ञाने हात पुढे केला, रेडिओ लावला आणि मागचं बोलणं आम्हाला ऐकू येणार नाही एवढा आवाज ठेवला. आम्ही दोघी समोरचा रस्ता बघत राहिलो.